पिल्लं खुराड्यात गेली

आमची कोंबडी मुंगसानं नेली, तेव्हा तिची पिल्लं अगदी कोवळी होती. बायकोनं ती चुलीजवळ डालग्याखाली वाढवली. आता त्यांना पंख फुटले, डालगं पुरेना. आज दिवस मावळताना मी एकेक पिल्लू उचलून नव्या खुराड्यात सोडलं.

"आजची रात्र राहू द्या की घरात," बायको म्हणाली.

"उद्याही तू हेच म्हणशील."

"दगड आहात नुसते!"

असेन. खुराडं मी माझ्या हातानं बांधलंय, मुंगसाला नख घालायला जागा ठेवलेली नाही. पण पिल्लांना ते काय ठाऊक? सगळी जाळीला चिकटून, घराकडं तोंड करून ओरडत होती.

आई असती तर तिनंच टोचून त्यांना दूर केलं असतं. पंखाखाली घेतलेल्या पिल्लांनाच कोंबडी एक दिवस चोच मारते. तिला कुणी दगड म्हणत नाही. माणसाच्या घरात मात्र पंखाखाली घेणारं एक असतं आणि चोच मारणारं दुसरं. धाकट्या लेकीला मीच हट्टानं शहरात शिकायला धाडलं. एसटी सुटताना ती खिडकीतून आईकडं बघत राहिली, माझ्याकडं नाही. मला त्याचा पस्तावा नाही. पण कोंबडी टोचते आणि लगेच दाणे टिपायला लागते, तसं मला जमलं नाही.

बायको गोणपाट घेऊन आली, ते माझ्या हातात दिलं. मी ते वाऱ्याच्या बाजूनं जाळीला नीट बांधलं आणि शेवटचं पिल्लू गप्प होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.