बांधापलीकडची फवारणी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बाजार भरतो. मुळशी, पुरंदरकडची शेतकरी कुटुंबं स्वतःच्या रानातला विषमुक्त माल आणतात, मधे दलाल नाही. तो मी सुरू केला. एकच नियम ठेवला होता: शेतकऱ्यानं मालाबद्दल खोटं बोलायचं नाही. नियम आपल्यालाही लागू आहे, हे तेव्हा मला सुचलं नाही.

पहिल्यापासून येणाऱ्यांत एक ताई होत्या. नवरा रान बघायचा, या विकायच्या. शेजारी दिराचं टोमॅटोचं शेत, आणि दीर औषधं मारणारा. तो फवारा अडावा म्हणून यांनी बांधाला मक्याची दाट ओळ लावलेली. एका शनिवारी त्यांचा फोन आला.

"भाऊ, मका आत्ताच काढला अन् काल दिरानं फवारलं. वारं आमच्याकडं हुतं. मेथीवर आलं असंल. आणू का नको?"

मेथीची मागणी ग्रुपवर आधीच नोंदवून झाली होती. टेबल रिकामं दिसलं असतं. मी म्हणालो, "आणा. पाण्यातून काढा. कुणाशी बोलू नका."

"बघा बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी आमच्या मजल्यावरच्या निवृत्त काकूंनी जुडी उलटसुलट केली. "काय हो, एकही भोक नाही आज? अळ्या रजेवर का?"

थट्टाच होती. ताईंना ती पेलली नाही. "काकू, ही नका घेऊ. दिराचं औषध उडालंय हिच्यावर."

लोकांनी पिशव्यांतल्या जुड्या परत टेबलावर ठेवल्या. काकू माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो. "मलाही आत्ताच कळतंय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मेथी पोत्यात भरायला घेतली. मला खोटं पाडणं त्यांना एका वाक्यात जमलं असतं. त्यांना बाजारातून काढायचं ठरलं तेव्हा निर्णय मीच वाचून दाखवला, तोही बऱ्यापैकी गंभीर आवाजात.

पुढे बाजार वाढला. माझी झोप वगैरे काही उडाली नाही. फक्त घरात मेथी आणणं मी बंद केलं. पित्त होतं, असं बायकोला सांगून टाकलं.

गेल्या महिन्यात, का कोण जाणे, टेबलं मांडून झाल्यावर त्या मेथीचं मला आधीच माहीत होतं, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. मग काकूच म्हणाल्या, "कठीण आहे बाई तुमचं. एवढी वर्षं आम्ही तिलाच नावं ठेवली." आणि पालक निवडायला लागल्या. ताईंना परत बोलवायला कुणाची हरकत नव्हती. मी फोन केला.

"सांगितलंत? बरं केलंत."

"मग या रविवारी येताय ना?"

"न्हाई भाऊ. आता बस डेपोपाशी बसते. गिऱ्हाईक बांधलंय तिथं. ते कशाला मोडू?" फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "मका हाय बांधाला. काकूंना सांगा तेवढं."

मी सांगितलं. काकू आता डेपोवरून मेथी घेऊनच आमच्या बाजारात येतात. परवा लिफ्टमध्ये त्यांनी पिशवी उघडून दाखवली. पानांना भोकं होती. एक जुडी माझ्यापुढे धरली.

"नको," मी म्हणालो, "मला मेथीनं पित्त होतं."