मामांच्या नसांचं वंगण

माझ्या आत्याच्या यजमानांना उपाशीपोटी पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचाय. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. शेवगावकडच्या एका साखर कारखान्यात ते गाडीतळावर मुकादम होते. उसाच्या शेकडो बैलगाड्या ओळीनं उभ्या राहायच्या आणि मामा डोळे मिटून, नुसत्या करकरीवरून सांगायचे, "तिसऱ्या गाडीचा आस डाव्या चाकाशी कोरडा हाय." वंगणाचा डबा कायम हाताशी. नवरा-बायको भांडताना दिसले तरी यांचं निदान ठरलेलं : "वंगान न्हाई, दुसरं काय!" एकादशी ते न चुकता धरत, म्हणजे त्या दिवशी खिचडीत तूप दुप्पट पडे.

अशा माणसाला साखरेचा आजार झाला. साखर मात्र त्यांनी संन्याशासारखी सोडली. भोवती पोत्यांच्या थप्प्या, पण चिमूटभर तोंडात घातली नाही. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा कपाळाला लावून शेजाऱ्याला दिला. पण तूप सोडा, असं त्यांना कोणी म्हणालं नव्हतं. मामा चहात साखरेऐवजी तूप घालू लागले. आत्या म्हणे, "अहो, कपावर तवंग आलाय." हे म्हणत, "आतबी येऊ दे. साखर नसा घासती, तूप सरकवतं."

मग शंभर पावलं चाललं की पोटऱ्या आवळायला लागल्या. मामांनी तूप वाढवलं. शेवटी आत्यानं रडून त्यांना नगरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी पावलावर नाडी शोधली, ती सापडेना. "पायाच्या नसा अरुंद झाल्यात. असंच चाललं तर पाय काढायची पाळी येईल," असं सांगून त्यांनी उपाशीपोटी रक्त तपासायला सांगितलं. सत्तर-एकाहत्तर साल असेल. मी नुकताच बीएस्सी झालो होतो, आमच्या सगळ्या भावकीत पहिला. त्यामुळे मामांना उपाशी नेण्याची शास्त्रीय जबाबदारी माझ्यावर आली.

पहिल्या एसटीनं निघालो. तपासणीवाल्यानं विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"चहासुदिक न्हाई," मामा म्हणाले आणि त्यांना ढेकर आला. मिशीला तूप होतंच.

मी डोळे वटारले तसे ते माझ्या कानाशी लागले, "बीएस्सी, उपाशी मानसाचं रगत बघून माझा आजार कसा कळंल? मी दिवसभर जेवलेलाच असतो की!" खोटं कशाला सांगू, माझ्या रसायनशास्त्राला ते पटलं आणि मी त्यांची बाही वर सरकवली.

दुपारी डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. तळाशी लाल गोळा आणि वर पांढरं फटक पाणी.

"ह्ये दूध कुनाचं?" मामांनी विचारलं.

"तुमचं. सकाळचं तूप आहे हे. निरोगी माणसाचं रक्त जेवणानंतर काही तासांत निवळतं. साखरेच्या आजारात ही चरबी रेंगाळते, नसांच्या भिंतींना बसते. मामा, तुम्ही तर तिला सवडच देत नाही."

मामांनी नळीच्या काचेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "वंगान लई झालं की आसावर धूळ धरती. मग त्याचं दगडावानी कीट हुतं. म्या सोता खरवडलंय, बीएस्सी. येवढं कसं ध्यानात आलं न्हाई?"

त्या दिवसापासून तूप बंद. पहिल्या कोरड्या भाकरीला मामांनी अशी काही तोंडं केली की आत्यालाच घास उतरेना.

पाय वाचला. पोटऱ्या मात्र पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. पुढे सुट्टी संपवून मी नोकरीवर परत निघालो की ते हट्टानं मला स्टँडपर्यंत सोडायला येत. वाटेत मधेच थांबायचे, कधी कापडाच्या दुकानापुढे, कधी कुणाच्या बैलजोडीपुढे. एकदा नुसत्या भिंतीपुढेच थांबले. गाडीची वेळ झाली होती. मीही त्यांच्या शेजारी उभा राहून भिंत बघू लागलो.

"चांगली बांधलीया," दम खात मामा म्हणाले.

"लई चांगली," मी म्हणालो, आणि आणखी थोडा वेळ आम्ही दोघं ती भिंत बघत राहिलो.