किसांगाचा हात रिकामा होईना

एलिनामीच्या हाताला चव होती आणि जिभेला हाड नव्हतं. सत्तावीस वर्षं तो मरांगूच्या वाटेनं किलिमांजारोवर पाहुण्यांचा स्वयंपाकी म्हणून चढत होता. उंचीमुळे अन्नावरची वासना उडालेले पाहुणेसुद्धा त्याचं कच्च्या केळ्यांचं आणि मांसाचं घट्ट सूप वाडगा पुसून संपवायचे. पण स्टोव्ह पेटायला उशीर झाला की त्याच्या आधी हाच पेटायचा, आणि मग समोर कोण उभं आहे ते बघायचा नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण अशीच माणसं जास्त नुकसान करून ठेवतात, कारण त्यांना वेळीच कुणी अडवत नाही.

किसांगाच्या बाबतीत तेच झालं. किसांगा हमाल होता, एलिनामीच्याच वयाचा, आणि बांधाला बांध लागलेला शेजारी. वरच्या किबोच्या मुक्कामावर पाणी नाही. खाली वाटेत 'शेवटचं पाणी' म्हणतात तो ओढा आहे, तिथून हमालांनी बादल्या भरून तासन्‌तास वर न्यायच्या. गेल्या वर्षी जुलैत किसांगा दोन तास उशिरा पोचला, तोही अर्धीच बादली घेऊन. पातेलं कोरडं, पाहुणे चहाकडे डोळे लावून बसलेले.

"वाटेत बसून ढोसलंस होय रे पाणी? चोर कुठला! पाहुण्याला तहानलेलं ठेवायची रीत तुझ्या घरी असेल, माझ्या चुलीवर नाही!" एलिनामी सगळ्या टोळीसमोर ओरडला.

किसांगानं बादली खाली ठेवली. मग पाठ फिरवली. डोंगर उतरल्यावर त्यानं एलिनामीकडे बघणंच सोडून दिलं.

खरं काय ते आठ महिन्यांनी कळलं. एलिनामीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा गॉडलिसन त्याच दिवशी दुसऱ्या टोळीचं ओझं घेऊन चढत होता. त्याला उंची बाधली, तो खडकाआड पडला आणि त्याची टोळी पुढं निघून गेली. कुणातरी म्हाताऱ्यानं त्याला घोटघोट पाणी पाजलं, अंगावर आपला स्वेटर घातला आणि एकचाकी स्ट्रेचर येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. गॉडलिसनला चेहरा आठवत नव्हता. आठवत होती ती बादली, हिरवी, तुटलेल्या कडीच्या जागी दोर बांधलेली. मार्चमध्ये तो मामाकडे आला आणि शेजारच्या कुंपणावर पालथी घातलेली बादली बघून जागीच थबकला.

"मामा, ही कुणाची?"

बादली किसांगाची होती, आणि एलिनामीला त्या अर्ध्या बादलीचा हिशेब लागला. ज्यानं आपल्या घरातला दिवा विझू दिला नाही, त्यालाच आपण चोर म्हणालो! बुंदसे गई ती हौदसे येत नाही म्हणतात, इथं तर अर्धी बादली होती.

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्या चागा लोकांत यावर उपाय आहे. घराच्या कुंपणाला इसालेचं झाड असतं, त्याचं लांब हिरवं पान ज्याचा अपराध केला त्याच्यापुढं धरायचं. त्यानं ते हातात घेतलं की माफ करावंच लागतं, मग तिथं कुणाचं काही चालत नाही. हे किसांगालाही ठाऊक होतं, म्हणून तर तो पान हातात पडूच देत नव्हता. एलिनामी फाटकात दिसला की हा केळीच्या बागेत पसार. बायको सांगायची, "घरी नाहीत हो," आणि मागून खोकल्याचा आवाज यायचा.

असे पाच महिने गेले. आता येत्या रविवारी गॉडलिसनच्या पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा होता आणि गॉडलिसन हटून बसला होता. केळ्यांच्या दारूचा मानाचा पहिला घोट किसांगाबाबाच घेतील, नाहीतर समारंभच नाही. किसांगानं त्याला सांगून टाकलं होतं, "तुझ्यावर राग नाही रे पोरा. पण तुझा मामा असेल त्या अंगणात मी पाऊल टाकणार नाही."

"मामा, तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच निस्तरा," गॉडलिसन म्हणाला.

एलिनामीनं मग गाइड आयकांडेचे पाय धरायचेच बाकी ठेवले. तिनं या चढाईला दोघांनाही टोळीत घेतलं. वर जाऊन शनिवारी खाली परत. गेटवर ओझ्यांचं वजन करताना ती म्हणाली, "बाबा, यापुढं मला मध्ये घालू नका. दोघांना एका वाटेवर आणलं, माझं काम झालं. इथं पळायला केळीची बाग नाही."

बाग नव्हती, पण किसांगाला हात होते. ते त्यानं एकदाही रिकामे ठेवले नाहीत. मंडाराच्या पहिल्या मुक्कामावर डोक्यावरचं ओझं उतरवलं नाही तोच अंड्यांचा ट्रे उचलला. "बाजूला हो, फुटतील," एवढंच बोलला, तेही ट्रेकडे बघून. दुसऱ्या मुक्कामाला, होरोंबोला जेवताना एका हातात ताट, दुसऱ्यात घास. जेवण संपलं तर घासायची भांडी. सगळी टोळी हसून हसून बेजार.

"किसांगाबाबा, नाक खाजलं तर काय कराल हो?" आयकांडेनं विचारलं.

"तू खाजव. तेवढ्यासाठीच तर तुला गाइड केलंय."

एलिनामीला मात्र हसू येत नव्हतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पानाची कड तपकिरी पडायला लागली होती. उद्याचा किबो, मग पाहुण्यांची शिखराची धावपळ, मग उतरणं. संपलंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पान टोपीत खोचलं, पातेली दुसऱ्याच्या पाठीवर दिली आणि 'शेवटच्या पाण्या'वर बादली घेऊन उभा राहिला. स्वयंपाकी आणि पाणी वाहतोय! येणारेजाणारे वळून वळून बघत होते.

"चोरावर पाळत ठेवायला आलास?" किसांगानं विचारलं. वर्षभरात त्याच्याकडे बघून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"पाणी न्यायला आलोय."

दोघं पुढंमागं चालू लागले. तासाभरात एलिनामीच्या बोटांना वळ पडले, छाती भात्यासारखी चालू लागली. सत्तावीस वर्षं पाणी आलं की तो चहा टाकत आला होता. ते कसं येतं, हे त्याच्या हातांना आज कळत होतं. एका मोठ्या खडकाशी तो थांबला.

"हाच ना तो?"

किसांगानं मान डोलावली.

"तेव्हाच का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठं? तू तर निकालच लावलास."

एलिनामीनं मान खाली घातली. "पान माझ्या टोपीत आहे. पण नकोच घेऊस. ते घेतलंस की तुला माफ करावंच लागणार, म्हणजे माफीसुद्धा मी हिसकावूनच घेतल्यासारखी. नुसतं ऐक. पाच महिने माफीसाठी तुझ्या मागं धावलो, पण जे आधी म्हणायचं ते म्हणालोच नाही. माझ्या बहिणीचं लेकरू जिवंत आहे, रविवारी त्याच्या मांडीवर त्याचं लेकरू असेल, ते तुझ्यामुळे. किसांगा, तुझे फार उपकार आहेत रे."

एवढं बोलून तो रडला. बादली हातातच होती, डोळे पुसायचीही सोय नव्हती.

किसांगानं आपली हिरवी बादली जमिनीवर ठेवली, पुढं आला आणि एलिनामीच्या टोपीतलं पान स्वतःच्या हातानं काढलं.

"अर्धं वाळलंय की रे."

"तूच पळवलंस पाच महिने."

"बरं बरं. चल, पाणी सांडशील. रविवारी किती वाजता यायचं?" किसांगानं पान बादलीच्या दोरात खोचलं आणि वाटेला लागला.

किबोला दोघं बरोबर पोचले. एलिनामीनं स्टोव्ह पेटवला, चहा उकळला आणि पहिला कप भरला. पाहुणे हात पुढं करणार तोच तो त्यांना ओलांडून दाराशी, टोळी बसली होती तिथं गेला. ज्यांनी गेल्या वर्षी ऐकलं होतं ते बहुतेक सगळे तिथं होते.

"गेल्या साली मी याला चोर म्हणालो, तुम्ही ऐकलंत. यानं ते पाणी माझ्या भाच्याला पाजलं होतं. आज पहिला चहा याचा," एलिनामी मोठ्यानं म्हणाला आणि कप किसांगापुढं धरला.

किसांगानं दोन्ही हात पुढं केले. दोन्ही रिकामे होते.