कुसुमबाईंचा हलका हात

कुसुमबाई गेल्याचे त्यांच्या सुनेने, रेखाने, नागभीडहून फोन करून कळवले. वय एकसष्ट, हृदयविकार, सकाळचा चहा घेताना. एवढे टिपून झाल्यावर मी विचारले, आणखी काही? ती म्हणाली, "भाऊ, पेपरात देजा. पण मालिशवाली लिहू नका. त्यायले चालत नोहतं." दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या आणि त्यांत 'परिसरातील प्रसिद्ध मालिशवाली' असे छापले गेले. मी दिलेल्या मजकुरात तो शब्द नव्हता. जागा कमी होती, कोणीतरी सोपा शब्द घातला. याला पाच आठवडे झाले. शुद्धिपत्राची एक ओळ देता आली असती, पण ही चूक एका ओळीत दुरुस्त होणारी नाही.

मुळात त्या मालिशवालीच होत्या, हे आधी सांगायला हवे. बाळंतिणींची आणि तान्ह्या लेकरांची मालिश करण्यात त्यांची पंचवीस वर्षे गेली. हात जड, पंजा रुंद. मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल कोमट करून त्या अंग रगडत, तेव्हा बाई ओरडली नाही तर मालिश झाली असे त्यांना वाटत नसे. त्याच हाताने त्यांनी सुखदेवचा पाय चोळला. सुखदेव ढिवर समाजाचा, तलावावर मासे धरणारा. त्याला हत्तीपाय. आपल्या भागात हा रोग कोणाला समजावून सांगावा लागत नाही. डास चावतो, अंगातले जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसिकेच्या बारीक वाटा बंद पडतात आणि पाय फुगत जातो. कुसुमबाईंनी तळव्यापासून गुडघ्यापर्यंत दोन दिवस तो पाय रगडला. तिसऱ्या दिवशी तो लाल झाला, तापाने सुखदेव फणफणला आणि पंधरा दिवस खाटेवर पडून राहिला. ही गोष्ट मला त्यांनी स्वतः सांगितली, न विचारता. "माह्या हातानं झालं ते. लिहा."

पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन नागपूरला झाले आणि तिचा हात सुजला. तिथली एक थेरपिस्ट रोज येऊन त्या हातावरची कातडी नुसती हलवायची. तेल नाही, जोर नाही. कुसुमबाईंना ते लाड वाटले. आठवड्याने बहिणीच्या हातात बांगडी सरकली, तेव्हा त्यांनी त्या थेरपिस्टला गाठले. मालिश करणाऱ्यांसाठी लसिकेच्या निचऱ्याचे वेगळे शिक्षण असते, हे त्यांना तेव्हा कळले. सातवी पास बाईला वर्गात घ्यावे की नाही यावर तिथे बरीच चर्चा झाली. ती होईपर्यंत त्या दाराशी बसून राहिल्या. सेहेचाळिसाव्या वर्षी त्या शिकल्या आणि सगळ्यात कठीण होते ते जोर सोडणे. शिकवणारी बाई स्वतःच्या हातावर ओला वर्तमानपत्राचा कागद पसरायची. कागद न फाडता खालची कातडी हलली पाहिजे. "महिनाभर मी तुमचे पेपरच फाडले, भाऊ," त्या म्हणाल्या होत्या.

मी त्यांना प्रथम भेटलो तो भोंदूगिरीची बातमी करायला. नागभीडपासून जवळच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत त्या दर गुरुवारी बसतात आणि हत्तीपाय बरा करतात, असे कोणीतरी कळवले होते. मी वही उघडली तशा त्या म्हणाल्या, "लिहा, मी बरा नाई करत. जो बरा करतो म्हणते तो खोटा. सूज कमी राह्यते, ताप कमी येते, माणूस चालते. बस." समोर सुखदेव आडवा होता. त्याने आपला पाय पुन्हा याच बाईच्या स्वाधीन केला होता आणि कुरकुरत होता.

"पाय खाली हाय बाई, तुम्ही मानेवरच फिरून राह्यल्या."

"धानाच्या बांधीतलं पाणी काढाचं असलं तं तू काय करतं?"

"खालच्या धुऱ्याचं तोंड खोलतो."

"मंग? तुह्या अंगातलं ते तोंड इथी हाय. गप पड."

मान, काख, पोट, जांघ आणि सर्वांत शेवटी पाय. त्याआधी पाय साबणाने धुवायचा, बोटांच्या फटी कोरड्या करायच्या. नंतर पट्टी बांधायची. बातमी मी वेगळी लिहिली. तीही आतल्या पानावर आली.

त्या गावातल्या पंचायतीच्या एका सदस्याने आपल्या आईला, सोनाबाईला, ऑटोत घालून आणले तो गुरुवार मी पाहिला आहे. पाय लालभडक, अंगात ताप. कुसुमबाईंनी हात लावला नाही. आधी दवाखाना, मग आपण, एवढेच बोलल्या. सदस्य भडकला. "पाच गावचे पाय चोळता, माह्या मायचा काऊन नाई?"

"चोळत असती तं चोळला असता. मी चोळत नाई."

"खोली कोणाची हाय, ठाऊक हाय ना?"

"तुमची. कुलूप लावा. पण ह्या पायाले हात नाई लावणार."

खोलीत दहा-बारा माणसे होती. सोनाबाई दवाखान्यात गेल्या, औषधाने ताप उतरला, लाली गेली. सदस्याने ते कधी मान्य केले नाही. खोलीची वीज मात्र दोनदा तोडली गेली. कुसुमबाईंनी दार उघडे ठेवून उजेडात काम केले. सोनाबाई पुढे स्वतःच येऊ लागल्या, एसटीने.

म्हणून तो छापलेला शब्द मला चुकीचा वाटतो. मालिश कोणीही करील, असे त्या शब्दातून निघते. कोणीही केली की काय होते, ते सुखदेवला विचारावे.

मागच्या गुरुवारी मी त्या खोलीवर गेलो. सासूकडून सहा वर्षे शिकलेली रेखा खाली चटईवर बसून एकाच्या मानेशी बोटे फिरवत होती. थोड्या वेळाने सदस्य आला, सोबत पंचायतीचा शिपाई आणि नवे कुलूप. "मालिशवाली तं गेली," तो दारातून म्हणाला, "आता खोली कशाले पाह्यजे?"

रेखाने वर पाहिले नाही. बोटे थांबली असती तर फेऱ्यांची मोजणी चुकली असती. सुखदेव उठू लागला. त्याच्या आधी भिंतीशी बसलेल्या सोनाबाईंनी लुगडे गुडघ्यापर्यंत घेतले आणि पाय समोर लांब केला, थेट उंबरठ्याच्या दिशेने.

"तिसरा नंबर माहा हाय," त्या लेकाला म्हणाल्या. "लागली घाई तं बाहेर उभा राह्य. अन् सावली पाडू नको, पोरीले दिसत नाई."

तो दारातून बाजूला झाला.