व्हायोला तर नागपूरला होती

या सदराची मी जुनी वाचक आहे. चकवा लागलेले मामा, वडाखाली दिसलेली हिरवी साडी, आरशातली बाई... सगळं वाचते, चहासोबत, आणि शेवटी "झोप झाली नसेल बिचाऱ्याची" असं म्हणून पान उलटते. आमच्या घरात बाबांनी देव्हाराच ठेवला नाही, तिथे भुतांना कोण विचारतो? अंगारा, नजर, करणी, यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. तेव्हा हे मी लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त हसू मलाच येतंय. पण घडलं ते घडलं. आणि घाबरू नका, यात कोणी मरत नाही.

मी चेलो वाजवते. पोटापाण्याचा धंदाच तो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी व्हायोलिनचा आजोबा समजावा. खुर्चीत बसून दोन गुडघ्यांमध्ये धरायचा, आणि त्याच्या बुडाला एक टोकदार सळई असते ती जमिनीवर टेकवायची. पुण्यात आमचं चौघांचं क्वार्टेट आहे. ऑल्विन आणि मेहेर व्हायोलिनवर, सुबोध व्हायोलावर आणि मी. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, आवाज जरा भरलेला. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आंबागडची पोरगी चेलोपर्यंत पोचली कशी, असं विचाराल. आमचं गाव तुमसर तालुक्यात, किल्ल्याच्या डोंगराखाली. बाबा जवळच्या मँगनीजच्या खदानीत ड्रिल मशीनवर होते. मला त्यांनी शिकायला नागपूरच्या होस्टेलला टाकलं. तिथल्या शाळेत एक जुना चेलो धूळ खात पडला होता, आणि वर्गात सगळ्यात उंच मी. म्युझिकच्या मिस म्हणाल्या, "तूच घे, बाकीच्यांना तो कवेत मावत नाही." नशीब वगैरे काही नाही हो, नुसती उंची.

पण मी चेलो हातात घेतला तोवर बाबांचे कान गेले होते. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्या सुमाराची ही गोष्ट. मशीनच्या आवाजानं आधी थोडे गेले, मग पुरते. "जिल्हा अर्धा झाला आन माहे कान पुरे गेले," हा विनोद बाबा स्वतःच सांगत फिरायचे, तोही ओरडून, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नसे. कानाचं मशीन लावून पाहिलं. त्यातून त्यांना नुसती खरखर यायची, म्हणून ते कपाटात गेलं. माय हातवारे करून आणि ओठ मोठे हलवून त्यांच्याशी बोलते, ते त्यांना कळतं.

त्याआधी बाबा गात असत. विहारात, जयंतीला, लग्नाघरी. गावात कोणाकडे कार्य असलं की भीमगीतं म्हणायला बाबांना बोलावणं ठरलेलं. कान गेल्यावर एका जयंतीला ते सवयीनं उभे राहिले, गायला लागले, आणि सूर कुठच्या कुठे भरकटला. पुढच्या रांगेतली पोरं हसली. बाबांना ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्या दिवशी त्यांनी गाणं सोडलं. नंतर कधी साधी शीळही घातली नाही.

मला या आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. बाबांनी मला एकदा ऐकावं. बाकी मिळायचं ते सगळं मिळालं, नको तितकं मिळालं. सुट्टीत घरी आले की म्हणायची, बाबा, लाकडावर हात ठेवा, मी वाजवते, कळेल तुम्हाला. एकदाच ठेवला त्यांनी. तोही झटकन काढला. "नोको बाई, हे तं मशीनच हाये," म्हणाले. त्यांच्या हातांना ती थरथर खदानीचीच वाटली. त्यानंतर मी आग्रह केला नाही. गावभर मात्र सांगायचे, "माही सुजी उभी सारंगी वाजवते, मोठ्या मोठ्या हॉलात."

तर झालं असं की काही वर्षांपूर्वी आमचा नागपूरला प्रोग्राम ठरला, आणि नेमकी आंबागडची मंडई त्याच्या दोन दिवस आधी आली. इकडच्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते. दिवाळी झाली, धान घरात आला की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसभर बाजार, दंडारीचा नाच-खेळ, जिलेबी, शिंगाडे, घरोघरी पाहुणे आणि मटण, आणि रात्री नाटक. मी तिघांना म्हटलं, चला माझ्या गावाला. नाटकाचं स्टेज दुपारपासून रिकामंच असतं, तिथे तासभर वाजवू. मंडई कमिटीचे रामूभाऊ फोनवर म्हणाले, "या ना मॅडम, कायले नाई म्हनाचं? फक्त एक सांगा, नाचनारी कोन हाये?" कोणीच नाचणार नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले, पण माणूस दिलदार. स्टेज दिलं.

आणि ऐन वेळी सुबोधला नागपुरात ताप भरला. लॉजवर पांघरुणात गुरफटून पडला, व्हायोला त्याच्या उशाशी. ऑल्विन म्हणाला, रद्द करू या. मी म्हटलं, बाबांनी अख्ख्या गावाला आवतण दिलंय, आता रद्द केलं तर ते मंडईत तोंड दाखवणार नाहीत. तिघांत जमेल ते वाजवू. निघालो.

दुपार कलली तेव्हा आम्ही स्टेजवर बसलो. फळ्यांचं स्टेज, मागे जंगलाचा रंगवलेला पडदा, समोर ताडपत्रीवर बायका, पोरं, शिंगाडे सोलत बसलेले म्हातारे. बाबांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला आणि त्यांना स्टेजवरच खुर्ची दिली. ती त्यांनी सरपंचांना देऊन टाकली आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर फळ्यांवर मांडी घालून बसले. आम्ही दोन-तीन छोट्या चिजा वाजवल्या. लोकांनी टाळ्या दिल्या, पोरांनी शिट्ट्या दिल्या. मी उठणार तोच रामूभाऊ वाकून म्हणाले, "मॅडम, नाटकवाल्यायचा टेम्पो पंक्चर होऊन राहिला तुमसरपाशी. अजून एखादं होऊन जाऊ द्या. लोक उठले तं पुन्हा बसत नाईत."

आमच्याकडे तिघांचं काही उरलंच नव्हतं. पिशवीत होती ती सुबोधनं स्वतः रचलेली एक संथ चीज. नागपूरला ती पहिल्यांदा लोकांपुढे वाजणार होती. तोवर तालमीच्या खोलीबाहेर कोणी ऐकलेली नव्हती, रेकॉर्डिंग नव्हतं. आणि तिची गंमत अशी की खाली मी लांब लांब सूर धरायचे, वर दोन व्हायोलिन बारीक बारीक किणकिणायची, आणि खरं गाणं गायची ती मधली व्हायोला. तिच्याशिवाय ती चीज म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. ऑल्विननं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, जागा मोकळी सोडू आणि वाजवू, टेम्पो येईपर्यंतच तर आहे.

वाजवली. नेहमी मी ती जागा येताना कान टवकारून असते, कारण व्हायोलाच्या ओळीवर माझा सूर बदलतो. त्या दिवशीही वेळेवर बदलत गेले, एकदाही मोजावं लागलं नाही. ते मला नंतर आठवलं. तेव्हा मी फक्त बाबांकडे पाहत होते. डोळे मिटलेले, दोन्ही तळवे फळीवर पालथे. मला वाटलं, दमलेत, डुलकी लागली. शाल खांद्यावरून घसरत होती.

दिवेलागणीला आम्ही घरी अंगणात चहा पीत बसलो होतो. माय चुलीवर मटणाची तयारी करत होती, बाबा तिला लसूण सोलून देत होते. आणि बाबा गुणगुणायला लागले.

मायच्या हातातला पळा तसाच राहिला. कितीतरी वर्षांनी त्या घरात बाबांचा गाण्याचा आवाज आला होता. मी आधी तेवढ्यानंच गलबलले, सूर कोणता ते कानात शिरलंच नाही. ऑल्विननं कप खाली ठेवला आणि माझा दंड धरला. मेहेर मान वाकडी करून ऐकत होती. बाबा सुबोधची ओळ गात होते. व्हायोलाची. जी आज कोणीच वाजवली नव्हती ती. सुरुवातीची ती वर जाऊन रेंगाळणारी जागा, मग उतरताना घेतलेला तो छोटा थांबा, सगळं. आणि सुरात, अगदी सुरात. जो माणूस सूर भरकटतो म्हणून गप्प झाला होता, तो.

वाजवताना मी तोंडानं गुणगुणले असेन असं म्हणावं तर ते त्यांना ऐकू जाणार कसं? आणि गुणगुणले असते तरी माझी ओळ वेगळी आहे.

माय त्यांच्यासमोर जाऊन बसली. "का जी, का गाऊन राहिले?"

"आत्ता सुजीनं वाजवलं ना, थेच," बाबा लसूण सोलत म्हणाले.

"आयकू आलं?"

"आलं तं." मग आम्ही सगळे आपल्याकडेच बघतोय हे पाहून त्यांनी हातानं दाखवलं. "खालतं सुजीचं होतं. वरतं त्या दोघायचं, पाखरायवानी. आन मधात हे."

मी त्यांच्यापुढे बसले आणि विचारलं, "माझं कसं होतं, बाबा?" ओठ नीट हलत नव्हते माझे, पण त्यांना कळलं.

"तुहं खोल हाये, सुजे," ते म्हणाले. "भरल्या विहिरीतून बादली वर येते तसं." आणि थोडं थांबून, "मशीन नाई थे. मी उगाच म्हनलं होतं."

मी रडले. लाज कसली सांगायला, हमसून हमसून रडले. बाबांनी लसणाच्या हातानं डोक्यावर थोपटलं, तो वास दुसऱ्या दिवशीपर्यंत केसांना होता.

ऑल्विननं सुबोधला फोन लावला आणि काही न सांगता फोन बाबांच्या तोंडाजवळ धरला. मायनं खूण केली, बाबा पुन्हा गायले. पलीकडून सुबोधचा तापानं बसलेला आवाज, "कोण गातंय? तुम्ही माझी चीज कोणाला शिकवली? मी अजून पक्की केली नाहीये ती." मी म्हटलं, माझे बाबा गातायत. सुबोधला बाबांबद्दल ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, सकाळी बोलू.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या, ताट आपटलं. काही नाही. नागपूरला नेऊन कान तपासले. डॉक्टर म्हणाले, पूर्वी होते तसेच आहेत, म्हणजे नाहीतच. आता तुम्ही सांगाल की फळ्यांतून थरथर गेली. मान्य. माझ्या चेलोची सळई त्याच फळ्यांवर टेकलेली होती, आणि माझे सूर हातांतून गेले असतील, व्हायोलिनचेही थोडेफार गेले असतील. पण जे वाजलंच नाही त्याची थरथर कुठून आणता? व्हायोला तर नागपूरला होती. योगायोग म्हणाल, तर एखादा सूर जुळेल, अख्खी चीज कशी जुळेल? मी सगळे फाटे फोडून पाहिले आहेत, तुम्ही नवीन काढलात तर जरूर कळवा.

पुढच्या मंडईला सुबोध हट्टानं आला. तेच स्टेज, तोच जंगलाचा पडदा, बाबा त्याच जागी फळ्यांवर. या वेळी आम्ही चौघांनी ती चीज पुरी वाजवली. इतक्या मोठ्या हॉलांत न घाबरणारा सुबोध, पण त्या दिवशी बसण्याआधी त्यानं तारा तीन-तीनदा लावून पाहिल्या. संपल्यावर तो थेट बाबांपुढे जाऊन उकिडवा बसला. जयभीम केला, आणि मायला म्हणाला, "काकू, विचारा ना त्यांना, कसं झालं?"

मायनं विचारलं. बाबांनी सुबोधच्या पाठीवर हात ठेवला. "चांगलं झालं. मांगच्या सालासारखंच."

"काहीच फरक नाही?" सुबोधनं स्वतःच ओठ मोठे करून विचारलं.

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. स्टेजवरच्या आमच्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं.

"फरक हाये ना," म्हणाले. "औंदा खुर्ची एक जास्त होती."

सुबोध माझ्याकडे बघायला लागला. बाबांना तर प्रश्नच पडलेला नाही. ते हल्ली शेतात धानाच्या बांधीवर जाताना ती चीज गुणगुणत जातात, आणि माय मला फोनवर तक्रार करते की यांना आता दुसरं गाणंच सुचत नाही.