आम्ही दिलेली अश्विनीची चाचणी

आमच्या अश्विनीला गणितात तीसपैकी तीस मिळाले, आणि त्यामुळं ती नापास झाली. दोष सगळा माझा, म्हणजे तिच्या आईचा.

साताऱ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला आणि पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर चाचणी आली. घरी बसून सोडवायची. वर सरळ लिहिलं होतं, 'गणित कुणाचं कच्चं आहे ते पाहून जादा तास लावायचे आहेत. येत नसेल ते सोडून द्या.'

"सोडून द्या?" मी म्हटलं. "आपल्या घरात ताटातली भाजी सोडत न्हाई कुणी!"

"आगं आई, मार्कांसाठी न्हाई ती..."

"गप बस. मामाला फोन लाव."

मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, वडूजला हायस्कूलात गणित शिकवतो. तो नेमका लोणंदला लग्नाच्या पंगतीत! मी व्हिडिओ कॉलवर प्रश्न दाखवायचे, त्यानं लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणितं मांडायची, आणि आमच्या ह्यांनी हॉटस्पॉटचा फोन काठीला बांधून गच्चीत उभं राहायचं. "पुढचं दाखव लवकर, मठ्ठा आला!" दादा ओरडायचा. त्याच्या शेजारचा पाहुणा दोन उत्तरं सांगून गेला. (तीही बरोबर निघाली!) अश्विनीनं फक्त बटणं दाबली.

पोरगी वर्गात पहिली! ह्यांनी स्टँडसमोर फ्लेक्स लावला. त्यात पोरीपेक्षा मामाचा फोटो मोठा.

जादा तास लागले ते बाकीच्यांना. सर हिला म्हणाले, "तुला कशाला? तू जा घरी." ती तीनच्या एस्टीनं घरी यायची. मी खूश, चहाला सोबत झाली!

दिवाळीनंतर ती बोलेनाशी झाली. अर्धपोटी उठायला लागली. एक दिवस वही माझ्यापुढं टाकली. "सातानं भाग जाणारे आकडे शोधायचा प्रोग्रॅम लिहायचाय. प्रोग्रॅम ऱ्हाऊ दे आई, मला त्यातलं गणितच कळत न्हाई."

"मग सरांना इचार की!"

"कसं इचारू? वर्गात पहिली हाय मी!" आणि हमसून हमसून रडली.

प्रोग्रॅमिंगच्या पेपरात ती नापास झाली. जादा तासाला बसलेली पोरं पास झाली.

मी कॉलेजात जाऊन सरांपुढं उभी राहिले. "सर, ते तीस मार्क माझ्या भावाचं हायत."

सर म्हणाले, "अहो ताई, तो वर्ग तिच्यासारख्यांसाठीच तर होता. आता तो पुढच्या वर्षीच लागेल."

घरी येऊन दादाला फोन लावला. "मी येतो की शिकवायला, दर रविवारी," तो म्हणाला. आवाज पार पडला होता.

"तवाच शिकवायचं हुतंस रं दादा," मी म्हटलं.

पोरगी मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागतं. तीस मार्क मिळवायला सगळं खानदान बसलं होतं, वर पंगतीतला पाहुणा! नापास व्हायला मात्र आम्ही तिला एकटीला पाठवलं.