न फासता येणारा केक

आप्पा केकचा कण जिभेच्या शेंड्यावर ठेवत, डोळे मिटत आणि मग सोबत आणलेल्या फुलपात्रात थुंकत. हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. मग बशी माझ्याकडे सरकवून म्हणत, “आता तुम्ही जीभ लावा बाई. आन् खोटं बोलू नका.”

“थुंकायला बेसिन आहे, आप्पा.”

“व्हय व्हय.” आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच फुलपात्र.

बाळांनो, परवा तुम्हा नातवंडांच्या वाढदिवसाच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही एकमेकांच्या तोंडाला केक फासलात आणि माझा फोन बंद झाला. नेट गेलं असं मी नंतर कळवलं. नेट गेलं नव्हतं. मला ते बघवेना, एवढंच. का बघवेना, हे कळायला तुम्हाला आमच्या शेजारच्या आप्पांची ओळख करून द्यायला हवी. ते गेल्या थंडीत वारले. नाव लिहीत नाही. शिरूरमध्ये त्यांना सगळे आप्पाच म्हणत.

आप्पा दौंडकडच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. मोठ्या बंद भांड्यात उसाचा रस आटत असताना साखरेचा दाणा नेमका कधी धरतो, हे ओळखणारा तो पॅनमन. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि ठरवायचं. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. निवृत्तीनंतर शेजारी राहायला आले ते लेकीने दिलेला ओव्हन घेऊन. घरात एकटे, आणि स्वतःला मधुमेह. केक करायचा त्यांनी, पण खायचा दुसऱ्या कुणीतरी.

मी एकदा विचारलं, “मग हा उद्योग कशाला?”

“बाई, म्या साखर काढली तिची थप्पी लावली तर डोंगर हुईल. पर माझी साखर खाताना एक माणूस न्हाई बघितला. पोतं शिवलं की गेलं. आता एकदा खाताना बघायचंय.”

त्यांचा पहिला केक चांगला होता, हे मला मान्य करायला हवं. हलका, आणि गोडी बेताची. त्या जोरावर त्यांना तीन किलोची ऑर्डर मिळाली: गल्लीतल्या एका होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवस, भर चौकात. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, पंचवीस कागदी बशा आणि चमचे घेऊन गेले. मी औषधाच्या दुकानात होते, म्हणून सगळं पाहिलं.

केक कापला गेला. पुढाऱ्याच्या तोंडात एक घास गेला असेल. मग पोरांनी मुठी भरल्या. गाल, कान, केस, शर्टाच्या आत, सगळीकडे क्रीम. कुणीतरी डोक्यावर अंडी फोडली. पुढारी शिंकरला आणि नाकातून गुलाबी फेस आला. तोच एकाने बोटाने निपटून दुसऱ्याच्या ओठांना लावला. खाली पडलेल्या तुकड्यांवर चपला आल्या, चपलांमागे कुत्री आली. घाम, अंडं आणि व्हॅनिला यांचा एकत्र वास मला गोळ्या घेऊन घरी येईपर्यंत नाकात होता. त्या रात्री मी जेवले नाही.

आप्पा बशांची चळत छातीशी धरून उभे होते. एकही बशी वापरली गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “बाई, फासताच येऊ नये असा केक करायचा.”

तिथून माझे हाल सुरू झाले. क्रीम नको म्हणून त्यांनी चायना ग्रासचं पुडिंग केलं. ते बशीत थरथरत होतं आणि जिभेवरून गोगलगायीसारखं सरकलं. बाजरीच्या पिठाचा केक केला, तो तोंडात खळ धरल्यासारखा. एकदा कारखान्यातल्या जुन्या ओळखीवर मळी आणून तिचा काळा केक भाजला. मळीचा वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. ज्याने घेतला नाही त्याने तुंबलेल्या मोरीत गूळ पडल्याची कल्पना करावी. मी प्रत्येक वेळी खरं सांगितलं.

“आप्पा, हे ओकारी आणणारं आहे.”

“म्हंजी चिकटतंय का?”

“टाळ्याला चिकटतंय.”

“मंग गालाला बी चिकटंल. न्हाई चालायचं,” म्हणत ते बशी उचलून जात. माझ्या ओकारीचं त्यांना काही नव्हतं.

वर्षभराने त्यांना साधलं. आत गूळ-शेंगदाण्याचा कोरडा केक आणि वरून पाकाचं कवच, काचेसारखं. तो कापता येत नव्हता. बत्त्याने फोडावा लागे. मी तुकडा तोंडात टाकला. कुडकुडीत, खमंग, शेवटी किंचित खारट. मी दुसरा तुकडा मागितला. त्या दिवशी आप्पा थुंकायला बेसिनशी गेले.

पुढाऱ्याचा वाढदिवस पुन्हा आला, ऑर्डरही आली. केक कसला, हे आप्पांनी सांगितलं नाही. खोकं आडवं होऊ नये म्हणून रिक्षात मला सोबत घेतलं. पिशवीत बशा आणि बत्ता.

ऐन दुपार, चौक भरलेला. पहिल्या पोराने मूठ मारली आणि हात झटकत ओरडला, “आईशप्पत! आप्पा, ह्यो काय दगड आणलाय? फासायचा कसा?”

“फासायचा न्हाई. खायचा. थांब, फोडून देतो.”

सगळा चौक हसला. “खायला पार्टी हाय की संध्याकाळी ढाब्यावर!” दोघे मोटरसायकलवरून गेले आणि बेकरीतून हिरव्या क्रीमचे दोन केक घेऊन आले. पुढाऱ्याचं तोंड लिंपून झालं, तसा कुणीतरी ओरडला, “अरं, आप्पांचा मान ऱ्हायला!”

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त किळस आली. प्रेमाने पकडून त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या चष्म्याला, भुवयांना, कानांत ते हिरवं चोपडलं. आप्पा डोळे मिटून उभे राहिले. ओठावर आलेलं जिभेने चाखलं आणि बाजूला थुंकून म्हणाले, “डालडा.”

त्यांचा केक टेबलावर तसाच होता. मी तो खोक्यात घातला, माझ्या रुमालाने त्यांचा चष्मा पुसला आणि आम्ही एसटी स्टँडकडे चालू लागलो, कारण त्या अवतारात रिक्षावाला घेईना.

स्टँडवर कारेगावच्या कंपनीतून सुटलेल्या सहा-सात मुली युनिफॉर्ममध्येच मांडवगणच्या गाडीची वाट बघत होत्या.

“आबा, तुमची रंगपंचमी लवकर आली व्हय?”

“केक हाय,” आप्पा म्हणाले. “खाता का?”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. हिरव्या तोंडाच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या हातचं कोण खाईल? तेव्हा मी पुढे झाले आणि शाळेत शिकवताना वर्गात बोलत असे त्या आवाजात म्हटलं, “मी खाल्लाय. घ्या.”

आप्पांनी बाकावर केक ठेवून बत्ता मारला. एकीने भीत भीत तुकडा दाढेखाली धरला. कुडुम. मग दुसरी.

“ही चिक्की हाय का केक?”

“तुम्ही ठरवा.”

“ए, सगळा नको घेऊस गं, मला ठेव!”

खाणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नये, हे मी तुमच्या आईवडिलांना शिकवलं आणि तुम्हालाही. आप्पा गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, एकेकीच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या कानातून हिरवा ओघळ सदऱ्यावर उतरत होता. मी त्यांना काहीही म्हटलं नाही.

गाडी लागली. मुली चावत चावतच चढल्या. आप्पा खाली, एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत, टाचा उंचावून बघत चालले होते: अजून कोण खातंय.